हलती चित्रं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात झोट्रोप (फटी असलेला गोल डबा, फिरवून फटीतून पाहिला की आतल्या पट्टीवरची चित्रं हलताना दिसतात), फ्लिपबुक (पानं भराभर सोडली की चित्र हलतं ती छोटी वही) आणि जादूचा कंदील (काचेवरचं चित्र उजेडाने पडद्यावर पाडणारं यंत्र) या जुन्या साधनांची ओळख छापली होती. त्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेकांनी काहीतरी करून पाहिलं आहे आणि मध्येच अडलं आहे. म्हणून उत्तरांमध्ये मापं आणि चुकांची कारणं यांना जास्त जागा दिली आहे. इतिहास जिथे कामाला येतो तिथे सांगितला आहे.

शाळेतल्या सातवीच्या मुलांनी कार्डशीटचा झोट्रोप केला. फिरवल्यावर चित्रं नुसती फरकटतात. जी काही दिसतात ती उभट, बारीक दिसतात, आणि सगळी हळूहळू एका बाजूला सरकतही जातात. चित्रं बारा आहेत. चूक कुठे आहे?
— एक शिक्षिका, मालवण

तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

फरकटणं हा फटीचा दोष. मुलं फट कापताना कात्री दोनदा चालवतात आणि ती 7-8 मिलिमीटरची होते. 20 सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला 3 मिलिमीटरची फट हवी. आतला घेर सुमारे 62.8 सेंटिमीटर, त्यात बारा चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 5.2 सेंटिमीटर. यात 3 मिलिमीटर उघडे आणि बाकी बंद, असं धरलं तर डोळ्याला साधारण सतरा भागांतला एकच भाग उजेड मिळतो, उरलेला वेळ अंधार. चित्र क्षणभर दिसतं, ते सरकायला लागायच्या आत झाकलं जातं, म्हणून ते थांबलेलं वाटतं. फट रुंदावली की चित्र सरकतानाही दिसतं आणि त्याचाच पट्टा होतो. याची किंमत अर्थातच उजेडात मोजावी लागते. त्यामुळे डबा खिडकीजवळ ठेवा, उजेड वरून आतल्या पट्टीवर पडू द्या, आणि बाहेरची बाजू काळ्या पोस्टर कलरने रंगवा. ऑइलपेंट लावू नका, तो चकाकतो आणि फटीपेक्षा भिंतच उजळ दिसते.

उभट दिसणं ही चूक नाही, तो या यंत्राचा स्वभाव आहे. जवळच्या बाजूची फट एका दिशेने जाते आणि पलीकडचं चित्र उलट दिशेने, त्यामुळे चित्र आडवं आक्रसतं. डबा 20 सेंटिमीटरचा आणि डोळा फटीपासून तेवढ्याच अंतरावर असेल तर रुंदी दोन तृतीयांश उरते. लांबून पाहिलं तर निम्म्यापर्यंत येते. म्हणून मुलांना सगळं दीडपट रुंद काढायला सांगा. चेंडू 2 सेंटिमीटर उंच असेल तर 3 सेंटिमीटर रुंद काढायचा, म्हणजे फिरताना तो गोल दिसेल.

सरकत जाण्याचं कारण बहुधा पुठ्ठ्याची जाडी. फटी आणि चित्रं दोन्ही बारा असतील तर चित्रं जागच्या जागी राहतात. एक जरी कमीजास्त झालं तर सगळी मिरवणूक सरकू लागते. आता 2 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा असेल तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा साडेबारा मिलिमीटरने कमी होतो. बाहेरच्या मापाने कापलेली पट्टी आत टोकावर टोक चढून बसते आणि शेवटचं चित्र चिंचोळं होतं. पट्टी आधी आत बसवून जोडाची खूण करा, मग बाहेर काढून घड्या घालून बारा भाग पाडा. पट्टीने एकेक भाग मोजत गेलात तर दर वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक शेवटी साचते.

बाकीची मापं अशी: भिंतीची उंची 14 सेंटिमीटर, खालचे 6.5 सेंटिमीटर चित्रपट्टीला. फटी 8 सेंटिमीटरपासून वर, 4 सेंटिमीटर उंच. बुडाला 608 नंबरचं बेअरिंग बसवा, ते स्केट्सच्या दुकानात मिळतं. त्याचं भोक 8 मिलिमीटरचं असतं, त्यात त्याच मापाचा बोल्ट बसतो. सावंतवाडीच्या चितार आळीत लेथवर काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून पांगाऱ्याची चकती मध्यभागी अचूक भोक पाडून घेतली तर डबा डगमगणार नाही. दर सेकंदाला एक फेरा, म्हणजे बारा चित्रं, एवढा वेग पुरे. चित्रं डावीकडून उजवीकडे क्रमाने काढली असतील तर वरून पाहताना डबा घड्याळाच्या उलट फिरला पाहिजे. तसा फिरवला नाही तर धावणारा मुलगा मागे पळेल.

फटी चित्रांच्या वर का, हेही मुलांना सांगा. इंग्लंडच्या विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी 1834 मध्ये हे यंत्र सुचवलं तेव्हा फटी दोन चित्रांच्या मधल्या जागेत होत्या. अमेरिकेच्या विल्यम लिंकन यांनी 1867 च्या पेटंटात फटी वर नेल्या. त्यामुळे चित्रांची पट्टी सुटी झाली, ती बदलता येऊ लागली आणि झोट्रोप खेळणं म्हणून घरोघर खपला. तुमच्या वर्गातही एका डब्यावर चाळीस मुलांच्या चाळीस पट्ट्या चालतील.

विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलं आहे की चित्र डोळ्यावर 1/16 सेकंद टिकतं म्हणून सिनेमा हलतो. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, गुहागर

अर्धवट बरोबर आहे. उजेडाचा ठसा डोळ्यात थोडा वेळ रेंगाळतो. म्हणूनच अंधारात फिरवलेल्या पेटत्या काडीचं वर्तुळ दिसतं. पण नुसतं टिकणंच घडत असतं तर एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं चढून चिखल झाला असता, जसा वरच्या प्रश्नातल्या रुंद फटीत होतो. हालचाल मेंदू जोडतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी 1912 मध्ये दोन रेघा आळीपाळीने दाखवून हे तपासलं. मधलं अंतर आणि वेळ जुळली की माणसाला एकच रेघ सरकताना दिसते, प्रत्यक्षात मात्र काहीच सरकलेलं नसतं.

याच्याही आधी, 1824 मध्ये, लंडनच्या पीटर मार्क रॉजे यांनी गजांच्या कुंपणाआडून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे वाकलेले का दिसतात यावर निबंध वाचला होता. तो स्थिर आकाराच्या भ्रमाबद्दल होता, तरी पुढच्या पुस्तकांनी त्यालाच सिनेमाचं मूळ ठरवलं. चित्र खऱ्या अर्थाने हलवलं ते बेल्जियमच्या जोझेफ प्लातो आणि व्हिएन्नाच्या सिमॉन श्टाम्फर यांनी, 1832 च्या अखेरीस, एकमेकांची खबर नसताना. त्यांची चित्रं आणि फटी असलेली गोल चकती आरशासमोर धरून फिरवायची आणि मागच्या बाजूने फटीतून पाहायची असते. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहायला हरकत नाही, पण त्याखाली 'मेंदू जोडतो' एवढं एक वाक्य आवर्जून घाला.

पिंगुळीची चित्रकथी ही अ‍ॅनिमेशनची आपली परंपरा मानावी का?
— एक वाचक, कुडाळ

या प्रश्नावर आमच्यात थोडी चर्चा झाली. एकमत झालं ते असं की चित्रकथीला अ‍ॅनिमेशन म्हणू नये, आणि म्हणायची गरजही नाही.

पिंगुळीचे ठाकर कलावंत हातकागदावर रंगवलेल्या चित्रांचा एक जुडगा घेऊन बसतात. त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र फळीला टेकवून प्रेक्षकांसमोर धरायचं आणि वीणा-टाळाच्या साथीत तो प्रसंग गायचा. चित्र किती वेळ समोर राहील हे गाणाऱ्याच्या हातात असतं, कधी मिनिट, कधी पाच. झोट्रोपमध्ये एक चित्र सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात जातं आणि त्याच्यापुढच्या चित्रात फरक हाताच्या दोन बोटांएवढा असतो. चित्रकथीत दोन चित्रांमध्ये आख्खा प्रसंग बदलतो. आजच्या स्टुडिओत या चित्रांचं नातं लावायचंच तर ते स्टोरीबोर्डशी, म्हणजे पट करण्याआधी काढलेल्या प्रसंगचित्रांशी, लागेल: प्रसंगांची निवड, चौकटीतली मांडणी, कोण कुणाकडे पाहतो. ते शिकायला पिंगुळीएवढी चांगली जागा कोकणात दुसरी नाही. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये याच कलांसाठी पद्मश्री मिळाली.

हलत्या चित्राच्या खरोखर जवळची आहे ती त्याच घरांमधली दुसरी कला, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. पडद्यामागे दिवा, पडद्याला टेकवलेली बाहुली, आणि हालचाल त्याच क्षणी हाताने दिलेली. जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी 1926 मध्ये पुरी लांबी असलेला छायापट पूर्ण केला तेव्हा त्यांनी अशाच कापलेल्या सांधेदार आकृत्या वापरल्या. फरक एवढाच की त्या काचेच्या टेबलावर आडव्या ठेवल्या, खालून उजेड दिला, वरून कॅमेरा लावला आणि एकेक फ्रेम टिपली. हे घरी करता येतं. काळ्या कार्डशीटची आकृती, सांध्यांना प्रेस-बटणं किंवा गाठ मारलेला दोरा, आणि काचेखाली ट्रेसिंग पेपर. सांधा इतपत घट्ट हवा की ढकललेला हात तिथेच थांबेल. सैल सांध्यामुळे प्रत्येक फ्रेमला आकृती थरथरते, नवशिक्यांची सगळ्यात जास्त फ्रेम्स याच कारणाने वाया जातात. उभ्या पडद्यावर खेळ करणार असाल तर दिवा जितका लहान बिंदूएवढा तितकी सावली रेखीव. मोबाइलचा टॉर्च चालतो, ट्यूबलाइट चालत नाही.

गणपतीच्या देखाव्यात मोठा झोट्रोप ठेवायचा विचार आहे. फ्लॅश होणारे दिवे लावून फटींशिवाय मूर्ती हलताना दाखवतात तसं करावं का?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, चिपळूण

दिवे उघडमीट करून करू नका, ही आमची ठाम सूचना आहे. सेकंदाला बारा-पंधरा वेळा लुकलुकणारा तेज प्रकाश हा अपस्मार असलेल्या काही माणसांना झटका आणू शकतो, आणि देखाव्याला कोण येईल हे मंडळाला माहीत नसतं. फटींचा झोट्रोप हेच काम दिवे न लुकलुकवता करतो.

व्यास 60 सेंटिमीटर घ्या. घेर 188 सेंटिमीटर, त्यात सोळा चित्रं, प्रत्येकी पावणेबारा सेंटिमीटर. भिंत 5 मिलिमीटरच्या सनबोर्डची, बाहेरून काळी. फट 5 मिलिमीटर रुंद आणि 7 सेंटिमीटर उंच. लोक दीड मीटरवरून पाहणार, म्हणून आकृती सव्वापट-दीडपट नव्हे, जवळजवळ पावणेदोनपट रुंद काढा. वेग मिनिटाला 45 फेरे, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. त्यासाठी 12 व्होल्टची, 60 आरपीएमची गिअर मोटर आणि वेग कमी करायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लागतो. पंख्याची मोटर लावायचा मोह होईल, पण ती फार जोरात फिरते आणि रेग्युलेटरवर हळू चालवली की तापते. सगळ्यात महत्त्वाचं, डब्याचं वजन मोटरच्या दांड्यावर येऊ देऊ नका. ते खालच्या बेअरिंगवर पेलू द्या आणि मोटर बाजूने पट्ट्याने जोडा. नाहीतर दोन-तीन दिवसांत गिअर झिजतात आणि डबा कुरकुरायला लागतो. 12 व्होल्टची बॅटरी जोडली की वीज गेली तरी खेळ थांबत नाही.

उजेडासाठी डब्याच्या तोंडावर खाली रोखलेले 9 वॅटचे दोन एलईडी बल्ब पुरतील. त्यांच्यावर शेड हवी, कारण उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यात गेला की फटीआडचं काही दिसत नाही. मांडवातली रोषणाई डब्याच्या बाहेरच्या अंगावर पडू देऊ नका. लहान मुलांची बोटं फटीत जातात, म्हणून दोरी डब्यापासून निदान 60 सेंटिमीटर दूर बांधा. फटी जमिनीपासून 110 सेंटिमीटरवर ठेवल्या तर मुलांना सरळ दिसतं आणि मोठे वाकून पाहतात.

विषय निवडताना शेवटचं चित्र पहिल्याला जोडलं जाईल असा निवडा. उंदीर धावतो, पाग फेकणारा कोळी जाळं ओढतो, अशी चक्रं चांगली बसतात. सगळ्यात सोपी लाट: तिचा एक शेंडा सोळा चित्रांमध्ये बरोबर पुढच्या शेंड्याच्या जागी पोचवा, मग समुद्र अखंड वाहत राहतो.

दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवल्या होत्या असं ऐकलं. ते मोबाइलवर कसं करायचं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अलिबाग

हो. 'आगकाड्यांची मौज' हा त्यांचा छोटा पट 1915 च्या सुमाराचा. त्याआधी 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम करून टिपलं, 'अंकुराची वाढ' म्हणून. ते पाहूनच भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. या दोन छोट्या पटांना आम्ही फार मान देतो. कॅमेरा एका वेळी एकच फ्रेम चालवून थांबवता येतो हे ज्याला कळलं त्याला अ‍ॅनिमेशन कळलं.

तुम्ही आधी अंकुरापासून सुरुवात करा, त्यात हात लावायचा नसतो. भिजवलेले कडवे वाल काचेच्या पेल्यात कापसावर ठेवा, दर 15 मिनिटांनी एक फोटो. दिवसाला 96, पाच दिवसांत 480. सेकंदाला 24 ने दाखवले तर 20 सेकंदांचा पट होतो. खिडकी पूर्ण झाका आणि एकच दिवा रात्रंदिवस चालू ठेवा. कोकणात जूनपासून ढगांमुळे उजेड दर मिनिटाला बदलतो आणि पट लुकलुकतो.

काड्यांसाठी मोबाइल स्टँडवर उलटा, टेबलाकडे तोंड करून घट्ट बसवा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. एक जरी राहिला तरी हात आत-बाहेर गेला की रंग बदलतो. सेकंदाला 12 फोटो धरा, म्हणजे दहा सेकंदांना 120. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज वर-खाली होतं, त्यामुळे चार्जिंगचा दिवा वापरा. पंखा बंद ठेवा. प्रत्येक काडीखाली चिकटमातीचा कण लावा. काडी निघताना 2 मिलिमीटर, मग 4, मग 8 आणि थांबताना पुन्हा 4 आणि 2 अशी सरकवा. सगळीकडे सारखं अंतर ठेवलंत तर हालचाल निर्जीव दिसते. आगपेटी ऐन दिव्याखाली उघडी ठेवू नका. गुल कापलेल्या काड्याच घ्या आणि टोकाला लाल रंग लावा.

कल्याणच्या पटवर्धनांच्या 'शांबरिक खरोलिके'त चित्रं हलत असत म्हणतात. काचेवरचं चित्र हलणार कसं?
— निवृत्त ग्रंथपाल, कल्याण

शांबरिक खरोलिका म्हणजे जादूचा कंदील. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांचे हे खेळ 1890 च्या दशकातले, म्हणजे 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची सिनेमाची चित्रं येण्याच्याही आधीपासूनचे. जादूच्या कंदिलात काच हलवायच्या मुख्य तीन युक्त्या होत्या. एक, दोन काचा एकावर एक: खालच्या काचेवर आकृती, वरच्यावर काळे ठिपके, वरची सर्रकन ओढली की एक हात झाकला जातो आणि दुसरा उघडा पडतो. दोन, दातेरी कडा असलेली गोल काच, हँडलने फिरणारी. चाकं, कारंजी, सूर्याचे किरण त्यावर फिरत. तीन, दोन कंदील एकाच पडद्यावर रोखून एकाचा उजेड मंदावत दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे दिवसाची रात्र होते. पहिल्या युक्तीत ओढ मऊ असेल तर फसवणूक उघडी पडते. तिथे झटकाच हवा.

घरात अशा जुन्या काचा सापडल्या तर रंगाच्या बाजूला ओला कपडा अजिबात लावू नका. रंगात सरस असेल तर तो पाण्याने सुटतो. बिनरंगाची बाजू मात्र कोरड्या मऊ कापडाने पुसायला हरकत नाही.

पावसाळ्यात फ्लिपबुकची पानं चिकटतात.
— राजापूर

80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागद दमट हवेत मऊ पडतो. 150-160 जीएसएमचा घ्या, 10 बाय 7 सेंटिमीटरची 48 पानं कापा. सेकंदाला बारा पानांनी चार सेकंद मिळतात. चित्र बांधणीपासून दूरच्या अर्ध्यात काढा. शेवटचं चित्र आधी काढून ते सर्वांत खाली ठेवा आणि वरच्या पानावर ते गिरवत वर या, म्हणजे खालचं चित्र दिसत राहतं. बांधणी काळ्या बाइंडर क्लिपने करा. मग गठ्ठा किंचित तिरका करून मोकळी कड घासा. अंगठ्याखालून पानं एकेक करून सुटण्यासाठी हा उतार लागतो. पावसात स्टेपल वापरू नका, गंजतात. 1868 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट यांनी फ्लिपबुकचं पेटंट घेतलं.

वडिलांच्या ट्रंकेत छोट्या फिल्मची सात-आठ रिळं सापडली. त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो. प्रोजेक्टर मिळाला तर लावून बघू का?
— रत्नागिरी

लावू नका. वास येतो म्हणजे अ‍ॅसिटेटचा पाया (फिल्मची पारदर्शक पट्टी) कुजू लागला आहे. अशी फिल्म आक्रसते, छिद्रं दात्यांशी जुळत नाहीत आणि प्रोजेक्टर ती फाडतो. हा आम्लाचा वास शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधतो, म्हणून वास येणारी रिळं आजच वेगळी करा.

आधी जात ओळखा. रिळाचं मधलं भोक सुमारे 8 मिलिमीटरचं असेल तर ती जुनी 8 एमएम, 1932 पासूनची, 12.7 मिलिमीटरचं असेल तर सुपर 8, 1965 पासूनची. पहिलीत छिद्रं मोठी आणि दोन चौकटींच्या सीमेवर, दुसरीत बारीक आणि चौकटीच्या मध्यावर. दोन्ही सेफ्टी फिल्म आहेत, पेट घेणारी नायट्रेट नाही, त्यामुळे घरात ठेवायला धोका नाही. 50 फुटांचं रीळ जुन्या 8 एमएमवर सेकंदाला 16 चौकटींनी चार मिनिटं दहा सेकंद चालतं. सुपर 8 वर 18 ने तीन मिनिटं वीस सेकंद. स्कॅन करून घेताना हा वेग नक्की सांगा. तो 24 किंवा 25 ठेवला की माणसं तुरुतुरु पळतात.

पांढरी बुरशी दिसली तर ओल्या कपड्याने पुसू नका. बुरशीने जिलेटिन कमकुवत केलेलं असतं, पाणी लागलं की चित्रच निघून येतं. कोरड्या खोलीत रीळ सैल करून दोन-तीन दिवस ठेवा, मग मऊ ब्रशने झटका. ठेवायला गंजका पत्र्याचा डबा नको. पॉलिप्रॉपिलिनचा, झाकणाला फट असलेला चांगला. कौलांखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा, दिवसा तापतो आणि पावसात ओल धरतो. घरातलं आतलं, भिंतीपासून सुटं कपाट घ्या, त्यात सिलिका जेल ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर दोन पिशव्यांमध्ये हवाबंद करून, आणि बाहेर काढल्यावर पिशवी काही तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी थेट फिल्मवर बसतं. स्कॅनिंगला देताना सगळ्यात जास्त वास येणारं रीळ आधी द्या.